मदत हवी आहे: बीटलच्या पॅनवरची स्पीडस्टर रेप्लिका घ्यावी का?

सांजवेळ_पर्वरी:
नमस्कार मंडळी. म्हापशाजवळ एक गाडी विकायला आहे. पोर्शे ३५६ स्पीडस्टरच्या घाटाची फायबर बॉडी, खाली फोक्सवॅगन बीटलचा कापून आखूड केलेला पॅन (गाडीची तळाची चासी), मागे १६०० सीसी एअरकूल्ड इंजिन. रंग ताजा, स्टार्ट लगेच होते. आरसीवर मात्र ‘सलून, ५ सीट’ लिहिलंय आणि प्रत्यक्षात दोनच सीटा नि कापडी छत. मालक म्हणतात कागद क्लिअर आहेत. वापर रविवार सकाळपुरता, गाडी उघड्या शेडमध्ये राहणार. कुठे कुठे बघू? आणि आरसीचं असं चालतं का?

टॉर्शनबार:
रंगाकडे बघूच नका. फायबरवर दोन दिवसांत कसाही रंग चढतो. टॉर्च, मोजपट्टी, फीलर गेज (बारीक फट मोजायच्या पट्ट्या) आणि जॅक घेऊन जा.

पहिलं काम पॅनचं. बीटलचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर) २४०० मिमी, मूळ ३५६ चा २१००. म्हणजे साधारण ३०० मिमी कापून पुन्हा जोडलेलं असतं, आणि गाडीची सगळी ताकद मधल्या टनेलमध्ये, म्हणजे पॅनच्या मधोमध लांबीने जाणाऱ्या पोकळ कण्यात असते. खालून आडवा होऊन बघा: टनेलवर वेल्डिंग सगळीकडून सलग आहे का, वर पट्टी मारली आहे का. बऱ्याच ठिकाणी फक्त फ्लोअरचा पत्रा नीट जोडतात आणि टनेलला चार टाके. जोडावर जाड काळा अंडरकोट थापलेला दिसला तर खरवडून बघायची परवानगी मागा. नकार आला तर तोच निकाल.

मग एका बाजूचं मागचं टोक जॅकवर उचला आणि दाराची फट बघा. फट बदलली, दार अडकू लागलं, तर पॅन वळतोय. बिजागऱ्यांजवळ चांदणीसारख्या बारीक चिरा दिसतात त्याही यामुळेच. नुसतं फायबर भरून त्या परत येतात. बीटलची बॅटरी मागच्या सीटखाली उजवीकडे असे, तिथला पत्रा ॲसिडने आणि आपल्या खाऱ्या हवेने हमखास खाल्लेला असतो. फायबर गंजत नाही, पण त्याच्या आत पुरलेले लोखंडी पाईप गंजतात. फुगून वरचं फायबर उचललेलं हाताला लागतं.

इंजिन: बंद करून क्रँकपुली हाताने आतबाहेर ओढा. खळखळ आवाज आला तर थ्रस्ट बेअरिंगची जागा झिजली आहे आणि इंजिनची केस उघडावी लागणार. नव्या इंजिनात हा आतबाहेरचा खेळ (एंडप्ले) ०.०७ ते ०.१३ मिमी असतो. कॉम्प्रेशन चारही सिलिंडरमध्ये १०० ते १३० पीएसआय असावं आणि एकमेकांत फार फरक नसावा. ३ नंबरच्या सिलिंडरवर विशेष लक्ष ठेवा, जुन्या रचनेत ऑइल कूलर त्याच्याच हवेच्या वाटेत येतो, म्हणून एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आधी तिथला जातो. थंड इंजिनवर टॅपेटची (व्हॉल्व्हजवळची) फट ०.१५ मिमी. इंजिनभोवतीचे पत्रे आणि कडेचं रबर जागेवर आहे ना तेही बघा. रेप्लिकावाले सुबक दिसावं म्हणून ते काढून टाकतात, मग गरम हवा परत पंख्यात शिरते आणि इंजिन शिजतं.

फ्यूज८अँपिअर:
त्यात एक भर. फायबरमधून करंट जात नाही, त्यामुळे प्रत्येक दिव्याला स्वतंत्र अर्थिंगची वायर लागते. इंडिकेटर दिला की हेडलाइट मंद होतो का, एवढं बघा. होत असेल तर अर्थिंग चुकलं आहे.

पेट्रोलचं जास्त महत्त्वाचं. आता पंपावर ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मिळतं, जुने रबरी पाइप त्यात मऊ पडून चिरतात. सगळे बदलून इथेनॉल चालणारेच घाला. कार्बोरेटरची पितळी नळी फक्त दाबून बसवलेली असते. इंजिनवर लटकवलेल्या फिल्टरच्या वजनाने ती सुटते आणि पेट्रोल थेट डिस्ट्रिब्युटरवर पडतं. या गाड्या बहुतेक अशाच पेटतात. फिल्टर पुढे टाकीजवळ हलवा.

फॉर्म_एकोणतीस:
कागदाचं बोलू. मोटर वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी आरसी जुळणार नाही असा फेरफार चालत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ मध्ये हेच धरलं. म्हणजे सलून आरसीवर दोन सीटांची उघडी बॉडी हा सरळ अडचणीचा मामला. नूतनीकरणाला, म्हणजे फॉर्म २५ च्या वेळी, निरीक्षकाने गाडी बघितली की तिथेच अडेल. अपघातानंतर विमा कंपनीलाही हेच कारण पुरतं.

व्हिंटेजची वाट धरू असं कुणी सांगेल. २०२१ च्या नियमात ५० वर्षांवरची आणि मूळ स्वरूपात ठेवलेली गाडी लागते. बॉडीच बदललेली असेल तर ती त्यात बसत नाही, पॅन कितीही जुना असो.

तेव्हा बॉडीचा बदल आरसीवर नोंदला आहे का हे आधी, टोकन नंतर. चासी नंबर मागच्या सीटखाली टनेलवर असतो. आरसीशी अक्षर न अक्षर जुळवा. नंबर नव्या पट्टीवर वेल्ड केलेला असेल तर तिथून निघा. गाडी कर्नाटक किंवा महाराष्ट्राच्या नंबरची असेल तर फॉर्म २८ ची एनओसी (तिथल्या आरटीओचा ना हरकत दाखला), शिवाय मालकी बदलाचे फॉर्म २९ आणि ३०.

सांजवेळ_पर्वरी:
मोजलं. व्हीलबेस डावीकडे २१०५, उजवीकडे २०९३. टनेलवर पट्टी आहे, वेल्डिंग सलग. चासी नंबर जुळतो, बॉडीची नोंद नाही. पॅन वाकडा म्हणायचा का?

टॉर्शनबार:
लगेच नको म्हणायला. मागच्या स्प्रिंग प्लेटला (ॲक्सल धरणाऱ्या पट्टीला) लांबट भोकं असतात, तिथे ॲक्सल काही मिलिमीटर पुढेमागे बसू शकतो. चाकांवरून मोजू नका. पुढच्या बीमच्या (पुढची चाकं धरणाऱ्या आडव्या नळ्यांच्या) बोल्टपासून टॉर्शन ट्यूबच्या (पॅनच्या मागच्या आडव्या नळीच्या) टोकापर्यंत दोन्ही बाजूंनी मोजा, मग दोन्ही कर्ण. तिथेही १० मिमीहून जास्त फरक आला तर पॅन वाकडा जोडलाय, कितीही स्वस्त दिली तरी सोडा. ते सरळ आलं तर अलाइनमेंटवर काम भागेल.

फॉर्म_एकोणतीस:
आणि नोंद नसेल तर मालकांनाच आरटीओत ती करून घ्यायला सांगा, लेखी. “होऊन जाईल” म्हणाले तर पैसे खिशातच ठेवा.