शब्दचर्चा: खेळातल्या ‘सेव्ह’ला मराठीत काय म्हणाल?

धागाकर्ता

गेला महिनाभर ‘चॅम्पियनशिप मॅनेजर ०१/०२’ पुन्हा खेळतोय. ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी: २००१ साली आलेला, फुटबॉल संघ चालवण्याचा संगणकावरचा खेळ. चेंडूला आपण पाय लावत नाही. खेळाडू घ्यायचे, विकायचे, अकरा जण निवडायचे, डावपेच ठरवायचे, आणि मॅच सुरू झाली की पडद्यावर एकेक ओळ उमटते ती वाचत बसायचं. मैदान दिसतच नाही. वरून दिसणारं मैदान २००३ च्या आवृत्तीत आलं.

या वेळी रॉचडेल घेतलं आहे. १९७४ ते २०१० अशी सलग ३६ वर्षं इंग्लिश लीगच्या वरून चौथ्या पायरीवर राहिलेला हा क्लब. पैसा नाही, मोठं नाव नाही, आणि म्हणूनच खेळायला मजा.

परवा एका मित्राला उत्साहानं सांगितलं, ‘माझी रॉचडेलची सेव्ह तिसऱ्या हंगामात पोचली.’ तो फुटबॉल नेमानं पाहतो, पण असले खेळ खेळत नाही. त्यानं विचारलं, ‘गोलकीपर कोण होता?’ मला समजावून सांगायला पाच मिनिटं लागली. तेव्हापासून हा शब्द डोक्यातून जात नाही.

इंग्रजीत ‘सेव्ह’ म्हणजे गोलरक्षकानं अडवलेला फटका. संगणकावर फाइल जतन करणं म्हणजेही सेव्ह. आणि आम्ही खेळणारे ज्याला सेव्ह म्हणतो ती म्हणजे पहिल्या हंगामापासून मी सोडून देईपर्यंतची एका संघाबरोबरची सगळी वाटचाल. ‘जतन केलेला खेळ’ म्हटलं की फाइल डोळ्यांसमोर येते, वाटचाल येत नाही. तुम्ही काय म्हणता?

दुसरा प्रश्न ‘लोअर लीग टीम’चा. ‘कनिष्ठ संघ’ लिहायला गेलो आणि थांबलो. आपल्याकडे कनिष्ठ गट म्हणजे वयानं लहान खेळाडूंचा. रॉचडेलमध्ये पस्तिशीचे बचावपटू आहेत.

प्रतिसाद १

‘डाव’ म्हणा की! ‘रॉचडेलचा डाव मांडलाय, तिसरा हंगाम चालू आहे.’ मांडला, रंगला, मोडला, अर्धवट राहिला, ही सगळी क्रियापदं डावाबरोबर आयतीच मिळतात. ‘सेव्ह’बरोबर मराठीत एकच क्रियापद येतं, ‘करणे’.

प्रतिसाद २

डाव शब्द गोड आहे, पण क्रिकेटनं तो पळवलाय. ‘दुसरा डाव’ म्हटलं की फलंदाजीच आठवते. शिवाय डाव छोटा असतो. तुमची सेव्ह वीस-वीस हंगाम चालते.

धागाकर्ता

छोटा असलाच पाहिजे असं नाही. बुद्धिबळातला डाव बघा. पूर्वी मोठ्या स्पर्धांत डाव त्या दिवशी संपला नाही की तहकूब व्हायचा. ज्याची पाळी असेल तो पुढची चाल कागदावर लिहून पाकिटात बंद करायचा आणि दुसऱ्या दिवशी पाकीट फोडून खेळ तिथूनच सुरू. मी रात्री संगणक बंद करतो तेव्हा याहून वेगळं काय करतो? फाइल हे ते बंद पाकीट, आणि डाव म्हणजे पटावर चाललेली लढत. दोन वस्तू, दोन शब्द. इंग्रजीत दोन्हींना एकच नाव असल्यामुळे गोंधळ झाला आहे, तो आपण कशाला ओढवून घ्यायचा?

आणि ‘डावपेच’ तर आधीपासून आपलाच. या खेळात डावपेचांचा एक वेगळा पडदाच असतो. खेळाडूंच्या जागा हलवायच्या, कुणी पुढे धावायचं त्याचे बाण काढायचे. ४-१-३-२ ही मांडणी तर हा खेळ खेळणाऱ्या प्रत्येकानं कधी ना कधी वापरली आहे. डावातच डावपेच असणार, सेव्हमध्ये कुठून येणार?

प्रतिसाद ३

डावाच्या बाजूनं आणखी एक मत. हरल्यावर मॅच पुन्हा खेळण्यासाठी आधी जतन केलेली फाइल उघडतात ना, तिला मराठीत तयार शब्द आहे: रडीचा डाव. लहानपणी बाद झाल्यावर ‘मी तयारच नव्हतो’ म्हणणाऱ्याला आपण हेच म्हणायचो. नवा शब्द घडवायची गरजच नाही.

धागाकर्ता

हा प्रतिसाद वाचून मी खुर्चीतून उठलो. इतके दिवस मी ‘रीलोड मारणं’ म्हणत होतो. रडीचा डाव! अगदी बरोबर. मी तो खेळत नाही, हे इथे सांगून ठेवतो. पहिल्या हंगामात सलग सहा मॅच हरलो तरी फाइल मागे नेली नाही. खालच्या पायरीवरचा संघ घेऊन हरायची तयारीच नसेल, तर मग हवा कशाला तो संघ?

प्रतिसाद ४

‘रीप्ले’ राहिलाच. धागाकर्ता म्हणतात पुन्हा खेळतोय, इंग्रजीत तोही रीप्ले. पण इंग्लिश फुटबॉलमध्ये रीप्ले म्हणजे एफए कपमध्ये (लहानमोठ्या सगळ्या क्लबांची बाद पद्धतीची स्पर्धा) बरोबरी झाल्यावर दुसऱ्या संघाच्या मैदानावर होणारी लढत. टीव्हीवर परत दाखवतात तो तिसरा रीप्ले.

कपातल्या लढतीला ‘फेरसामना’ चपखल आहे. फेरमतदान, फेरपरीक्षा, फेरविचार यांतला फेर. आधीचं निकाली निघालं नाही म्हणून पुन्हा, असा अर्थ त्यात आहे. जुना खेळ हौसेनं पुन्हा खेळताना तो अर्थ नसतो, त्यामुळे तिथे ‘फेर’ नको. ‘नव्यानं डाव मांडला’ हेच नीट.

धागाकर्ता

‘फेरसामना’ मान्य. छोट्या क्लबला तर फेरसामना म्हणजे पर्वणी. मोठ्या क्लबच्या मैदानावर बरोबरी साधायची, म्हणजे तो संघ आपल्या मैदानावर येतो आणि तिकिटांच्या पैशांवर अर्धा हंगाम निघतो. २०२४-२५ पासून एफए कपच्या मुख्य फेऱ्यांतले फेरसामने बंदच झाले. आता तो अनुभव अशा जुन्या खेळातच उरला, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

प्रतिसाद ५

‘लोअर लीग’साठी ‘खालच्या फळीतला संघ’ कसं?

प्रतिसाद २

नको. आघाडीची फळी, बचावफळी, मधली फळी. फुटबॉलच्या मराठीत फळी मैदानावर उभी आहे. ‘रॉचडेलची खालची फळी’ म्हणजे त्यांचे बचावपटू वाटतील. ‘तळाचा संघ’ही नको, तो गुणतक्त्यात शेवटचा असतो. चौथ्या पायरीवर पहिला असलेला संघ तळाचा कसा?

प्रतिसाद ६

सरळ ‘तिसऱ्या श्रेणीतला संघ’ लिहा. २००१-०२ मध्ये रॉचडेल थर्ड डिव्हिजनमध्येच होतं ना?

धागाकर्ता

इथेच भाषांतर फसवतं. थर्ड डिव्हिजन हे नाव होतं, क्रमांक नव्हे. १९९२ मध्ये वरचे क्लब बाहेर पडून प्रीमियर लीग झाली आणि खालच्या सगळ्यांची नावं एकेक घर वर सरकली. जुनी दुसरी ती पहिली झाली, चौथी ती तिसरी. म्हणून रॉचडेलचं डिव्हिजन तिसरं, पण पायरी चौथी. २००४ मध्ये पुन्हा नावं बदलली आणि तीच चौथी पायरी ‘लीग टू’ झाली. रॉचडेल मात्र या सगळ्या काळात जिथल्या तिथेच होतं.

मला सुचतं ते असं. नाव आहे तसं ठेवावं, थर्ड डिव्हिजन. जागा सांगायची तर ‘पायरी’. ‘श्रेणी’त प्रतवारी येते, जणू माल दुय्यम आहे. पायरी म्हणजे नुसती उंची. आणि पायरी म्हटली की ‘चढणं’ आणि ‘उतरणं’ आपोआप येतात. प्रमोशन-रेलिगेशनला बातम्यांत ‘पदोन्नती’, ‘पदावनती’ वाचतो तेव्हा कचेरीतला हुकूम हातात पडल्यासारखं वाटतं. ‘रॉचडेल चढलं’, ‘हॅलिफॅक्स उतरलं’, झालं. त्या हंगामात थर्ड डिव्हिजनमधून एकच संघ खाली जायचा आणि प्रत्यक्षात तो हॅलिफॅक्स टाउन होता. वरचे तीन थेट चढायचे, चौथ्या ते सातव्या जागेवरच्या चौघांत चढण्याच्या उरलेल्या एका जागेसाठी प्लेऑफ.

प्रतिसाद ७

उतरण्यापासून बचावलं तर ‘संघ वाचला’. यात एक गंमत बघा. तुम्ही मॅच ‘वाचता’ आणि संघही ‘वाचतो’. लिहिताना अक्षर तेच, पण उच्चार वेगळा. पुस्तक वाचतो यातला च ‘चहा’तला. जीव वाचला यातला च ‘चमचा’तल्या शेवटच्या च सारखा. मुळंही वेगळी आहेत. पहिला ‘वाच्’ म्हणजे बोलणं यावरून, दुसरा ‘वंच्’वरून, हिंदीतला ‘बचना’ त्याच कुळातला. म्हणजे गोलरक्षकाच्या सेव्हला ‘वाचवणं’ आपल्याकडे आहेच.

धागाकर्ता

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. दुसऱ्या हंगामातली शेवटची मॅच आठवली. सातव्या जागेसाठी विजय हवा होता, १-१ अशी बरोबरी, मिनिट ८८. पडद्याच्या तळाशी पट्टी आणि तिच्यात एकेक ओळ: आमचा उसना आणलेला आघाडीवीर चेंडू घेऊन आत शिरतोय. मग ओळ थांबली. पुढची येईपर्यंत किती वेळ गेला सांगता येत नाही, मी माउसवरून हात काढून घेतला होता. गोल झाला की ती पट्टी उघडझाप करू लागते. केली. त्याच क्षणी मुलीनं दारातून विचारलं, ‘बाबा, मॅच वाचली का?’ तिनं ‘चहा’तला च उच्चारला होता. मी ‘वाचली!’ म्हणालो तो दुसरा च होता.

‘लोन’वर आलेल्याला ‘उसना खेळाडू’ हे मी सहज लिहून गेलो. कुणाचा आक्षेप?

प्रतिसाद ३

नाही. उसनं घेतलेलं परत करायचं असतं, ते त्यात आहे.

प्रतिसाद ८

‘मॅनेजर’ला व्यवस्थापक म्हणू नका एवढीच विनंती. आपल्याकडे संघाचा व्यवस्थापक दौऱ्याची तिकिटं, राहण्याची सोय बघतो. इंग्लिश मॅनेजर संघ निवडतो, खेळाडू आणतो. ‘प्रशिक्षक’ म्हटलं तर खरेदी-विक्री सुटते. मॅनेजर मराठीच समजा. त्याला काढून टाकण्यासाठी मात्र ‘नारळ दिला’.

प्रतिसाद ४

आणि ‘लेजंड’ला दंतकथा? या खेळातल्या खेळाडूंबद्दल ‘दंतकथा बनला’ असं सर्रास लिहितात.

धागाकर्ता

एकाच बाबतीत चालेल. पोर्तुगालच्या गुवेया या छोट्या क्लबमध्ये टो माडेरा नावाचा आघाडीवीर होता, खोऱ्यानं गोल करायचा. असा खेळाडू प्रत्यक्षात नव्हताच. ती खरी दंतकथा, पायाच नसलेली. पण बेलारूसच्या डिनामो मिन्स्कचा मॅक्सिम सिगाल्को खराखुरा होता. खेळात तो जगातल्या सर्वोत्तमांत गणला जायचा, प्रत्यक्षात दुखापतींनी त्याला लवकर थांबवलं आणि २०२० मध्ये, वयाच्या ३७ व्या वर्षी तो गेला. त्याला दंतकथा म्हणायला माझी जीभ वळत नाही. चेल्टनमचा माइक डफही तसाच. खेळात तो रॉचडेलच्याच डिव्हिजनमधला, सगळ्यांना हवा असलेला बचावपटू, आणि पुढे बर्नलीकडून २००९-१० मध्ये खरोखर प्रीमियर लीग खेळला. अशांसाठी ‘नाव काढलं की डोळे चमकतात असा खेळाडू’ इतकं लांब लिहावं लागलं तरी लिहीन.

प्रतिसाद १

एक राहिलं. जुना खेळाडू निवृत्त झाला की त्याच्या गुणांचा नवा पोरगा खेळात जन्माला येतो, ‘रिजेन’. त्याला काय म्हणावं? पुनर्जन्म? अवतार?

प्रतिसाद ७

अवतार मोठा होतो. ‘वारस’ म्हणा. नाव वेगळं, घर वेगळं, पण पुंजी आधीच्याची.

धागाकर्ता

वारस घेतो. शीर्षकातली ‘सेव्ह’ तशीच ठेवतोय, शोधणाऱ्याला धागा सापडावा म्हणून. फाइलचं नाव मात्र काल बदललं. जुना खेळ देवनागरी घेत नाही, तेव्हा रोमन अक्षरांतच लिहिलं: ‘डाव दुसरा’.