पोस्टरपलीकडची अ‍ॅलिसन हेज

‘अ‍ॅलिसन हेज म्हणजे ते पन्नास फुटी बाईचं पोस्टर, बाकी शून्य’ असं हॉलिवूडच्या या अभिनेत्रीबद्दल म्हणतात, ते काही पटलं नाही. मुळात ते पोस्टरच थापाडं! उड्डाणपुलावर पाय रोवून मोटार उचलणारी बाई सिनेमात कुठेच नाही. १९५८चा तो सिनेमा, ‘अटॅक ऑफ द फिफ्टी फूट वुमन’, इतका स्वस्तातला, की महाकाय बाईच्या अंगातून मागचं दृश्य आरपार दिसतं आणि तो प्रचंड हात तर गणपतीच्या देखाव्यातला वाटतो. पण नवऱ्याच्या लफड्यांनी पिचलेली, दारूच्या आहारी गेलेली नॅन्सी, म्हणजे तीच महाकाय होणारी नायिका, हेजने अजिबात हसण्यावारी नेलेली नाही. माझ्या मते सिनेमा तिच्यामुळेच तरलाय.

त्याआधी १९५६मध्ये दिग्दर्शक रॉजर कॉर्मनच्या वेस्टर्नपटात घोड्यावरून पडून तिचा हात मोडला होता.

खरा घात मात्र गोळ्यांनी केला. तब्येतीसाठी म्हणून ती कॅल्शियमचं पूरक औषध घ्यायची. ते बनायचं घोड्याच्या हाडांपासून, आणि त्यात शिसं भरपूर. दुखणं वाढत गेलं, चालणं अवघड झालं, डॉक्टरांना काही सापडेना. शेवटी शिशाच्या विषबाधेचा संशय तिलाच आला! १९७७मध्ये ती ल्युकेमियाने गेली, पन्नाशीही न गाठता.