नवापूरच्या डाळ मिलची जुनी नोंदणी: आज कोणता कागद चालतो?

प्रश्न: भागीदारीतली डाळ मिल, 1990 च्या आसपासचं लघुउद्योगाचं कायम नोंदणीपत्र. त्यावर धुळ्याचा शिक्का कसा? बँकेला ते चालेल का?

धुळेकर: शिक्का बरोबर आहे. ही नोंदणी करणारी जिल्हा उद्योग केंद्रं 1978 पासूनची, नंदुरबार जिल्हा मात्र 1 जुलै 1998 चा. त्याआधी नवापूरची नोंद धुळ्यातच व्हायची. तेव्हा आधी तात्पुरती नोंदणी आणि उत्पादन सुरू झालं की कायम. 2006 च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग कायद्याने ती पद्धत जाऊन उद्योजक ज्ञापन, भाग 1 आणि 2 आले. 2015 ला उद्योग आधार, 1 जुलै 2020 पासून उद्यम, म्हणजे अशा उद्योगांची आजची ऑनलाइन सरकारी नोंदणी. आधीच्या नोंदण्यांची मुदत 30 जून 2022 ला संपली, म्हणून उद्यमच काढा. जुना कागद फेकू नका हो, मिल किती जुनी आहे याचा तोच पुरावा.

जळगावकर: उद्यम फुकट आहे, एजंटला पैसे देऊ नका. भागीदारीत आधार व्यवस्थापकीय भागीदाराचं, पॅन मात्र फर्मचं. इथेच गल्लत होते: भागीदाराचा पॅन टाकला की मालकी प्रकार जुळत नाही. आधारवरचं नाव अक्षरन् अक्षर तसंच लिहा. अर्जात उद्योगाचा प्रकार सांगणारा कोड लागतो, डाळ मिलचा 10613. अर्जातल्या गुंतवणुकीत जमीन-इमारत धरत नाहीत, यंत्रांची घसारा वजा किंमत आयकर विवरणपत्रातून घेतात.

धुळेकर: दुसरं युनिट असेल तर त्याच नोंदणीत जोडा, एका फर्मला एकच उद्यम.