प्रेसला फाईल गेली की लिंक तुटतात, अक्षरं बिघडतात. फायली लावायच्या कशा?

पणजी_ग्राफिक्स: आम्ही चौघे, दोघे पणजीत, दोघे मडगावात. हॉटेलांची मेनूकार्डं, चवथीची बॅनरं, शिगम्याची पोस्टरं. बरंच काम मराठी, कोकणी, इंग्रजी तिन्हींत. सगळं ड्राइव्हवर. प्रेसमध्ये फोटो गायब होतात, देवनागरीच्या जागी चौकोन येतात आणि 'फायनल', 'फायनल नवीन' यांतली छापायची कुठली ते कळत नाही. घडी कशी बसवायची? देव बरें करूं.

म्हापसा_प्रीप्रेस: दर कामाला एक फोल्डर, नावात आधी वर्ष-महिना, मग ग्राहक, यादी आपोआप क्रमाने लागते. आत पाचच कप्पे: ०१ ग्राहकाकडून आलेलं, ०२ चालू काम, ०३ लिंक, ०४ तपासणीच्या पीडीएफ, ०५ छपाई. ०१ मधलं काही बदलायचं नाही.

फोटो गायब होतात, कारण लिंक केलेल्या फोटोचा फाईलमध्ये फक्त पत्ता असतो. डेस्कटॉपवरून ओढून टाकलेला फोटो दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर सापडणार कुठून? आधी ०३ मध्ये कॉपी करा, मगच 'प्लेस' करून पानावर आणा. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो मागवताना 'डॉक्युमेंट' म्हणूनच पाठवायला सांगा, नाहीतर तो दाबून लहान होतो आणि छपाईत फुटतो.

प्रेसला देताना इनडिझाइनच्या (पानं मांडायचं सॉफ्टवेअर) फाईल मेनूतून 'पॅकेज' करा, म्हणजे फाईल, लिंक आणि फॉन्ट एका फोल्डरात गोळा होतात. अ‍ॅडोबी फॉन्ट्समधून चालू केलेले फॉन्ट त्यात येत नाहीत, म्हणून सोबत पीडीएफ/एक्स-४ (छपाईसाठीची, फॉन्ट आतच असलेली पीडीएफ) द्याच.

फोंडा_टाइपसेटर: अक्षरं कशी बिघडली ते आधी बघा. चौकोन आले, तर मजकूर युनिकोड (सगळीकडे चालणारी अक्षरांची एकच संकेतपद्धत) आहे पण लागलेल्या फॉन्टमध्ये देवनागरीच नाही. रोमन अक्षरांचा खिचडा दिसला, तर मजकूर जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधला आहे आणि तो फॉन्ट तिथे नाही. वेलांटी सरकली, जोडाक्षरं सुटली, तर इनडिझाइनमध्ये परिच्छेदाचा कंपोझर (ओळीत अक्षरं बसवणारी सेटिंग) 'अ‍ॅडोबी वर्ल्ड-रेडी' करा.

मुक्तासारखा एक युनिकोड फॉन्ट ठरवून चौघांकडे एकच आवृत्ती टाका. फॉन्ट आउटलाइन करायचे, म्हणजे अक्षरांचे आकार करायचे, तर ०५ मधल्या प्रतीत. ०२ मध्ये मजकूर जिवंतच, म्हणजे बदलता येईल असा हवा.

मडगाव_लेआउट: 'फायनल' हा शब्द नावातून हद्दपार करा. आ०१, आ०२ (आ म्हणजे आवृत्ती) असे आकडे वाढवत न्या. ग्राहकाने मंजूर केलेली एकच पीडीएफ ०५ मध्ये, प्रेसला तीच. एक फाईल एका वेळी एकानेच उघडायची. ड्राइव्हवर दोघांनी सेव्ह केली की एकाचं काम मागे पडतं.

तिन्ही भाषांच्या तीन फायली करू नका. इनडिझाइनमध्ये एकच फाईल, फोटो आणि किमती एका लेअरवर (थरावर), प्रत्येक भाषा आपापल्या लेअरवर. किंगफिशचा दर बदलला तर एकदाच बदलायचा. पीडीएफ काढताना हवी ती भाषा चालू ठेवा, आणि निर्यातीत 'दिसणारे लेअर' निवडलंय ना ते बघा.