दिवस पुन्हा शून्यापासून मोजायचे का?

दारू सोडून ३ वर्षं ७ महिने झाले होते. गेल्या महिन्यात मित्राच्या निवृत्तीच्या पार्टीत दोन पेग घेतले. दुसऱ्या दिवशी घरी स्वतःहून सांगितलं, त्यानंतर थेंबही नाही. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या (दारू सोडणाऱ्यांच्या स्वयंमदत गटाच्या) मीटिंगमधले जुने लोक म्हणतात, दारू सोडल्याची तारीख बदल. म्हणजे मी आता ३१ दिवसांचा!

पहिल्या महिन्यात बरं होणं म्हणजे काय, तर चहाचा कप दोन्ही हातांनी धरावा लागू नये. वर्षभराने वाटायला लागलं, खोटं बोलावं लागू नये. (किती पैसे, कुठे होतास, उशीर का.) मग एक दिवस मुलीने गाडीची किल्ली आपणहून माझ्या हातात ठेवली. आधी ती लपवून ठेवायची. हे सगळं दोन पेगांत वाहून गेलं?

रात्रपाळी (प्रतिसाद): डॉक्टर असा हिशेब करत नाहीत. २०१३ च्या डीएसएम-५ मध्ये (मानसिक आजारांच्या निदानाच्या अमेरिकन पुस्तकात) दारूच्या व्यसनाचे ११ निकष आहेत: ताबा सुटणं, कामाचा विचका, घरात भांडणं वगैरे. तलफ सोडून एकही निकष ३ महिने लागू नसेल तर सुरुवातीचं रेमिशन (आजार ओसरलेली अवस्था), १२ महिन्यांनंतर टिकलेलं. नुसत्या दोन पेगांनी ते मोडतंच असं नाही.

जुनं खोड: तारीख बदलणं ही शिक्षा नव्हे रे. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसचे एक संस्थापक डॉ. बॉब मे १९३५ मध्ये दुसरे संस्थापक बिल विल्सन यांना भेटले, पिणं थांबवलं आणि काही आठवड्यांत एका वैद्यकीय अधिवेशनाला जाऊन पुन्हा प्यायले. संस्थेचा जन्मदिवस १० जून धरतात, तो त्यांच्या त्यानंतरच्या शेवटच्या पेयाचा मानला जातो. म्हणजे आमची मूळ तारीखच घसरल्यानंतरची आहे.

कुणाचीतरी बायको: नवऱ्याची तारीख त्याची त्याला ठाऊक. फाटक वाजलं की माझ्या पोटात गोळा यायचा, तो जायला त्याची दारू सुटल्यावरही दोन वर्षं लागली. माझा हिशेब तिथून सुरू होतो. तुम्ही मुलीला का नाही विचारत?

मूळ प्रश्नकर्ता: काल विचारलं. तिने एवढंच विचारलं, "त्या रात्री गाडी कोणी चालवत आणली?"

ते मी घरी सांगितलं नव्हतं. इथेही लिहिलं नाही. मीच आणली होती.

किल्ली सध्या तिच्याकडे आहे. तारीख बदलतोय, पण पार्टीच्या रात्रीपासून नाही, कालपासून.