'मिनिस्टरप्रेझिडेंट' : मुख्यमंत्री की पंतप्रधान?

पारिजात : जर्मन नेते श्टेफान वाइल यांचा मराठीत परिचय करून द्यायचा आहे. १९८७ ते १९८९ वकिली, मग न्यायाधीश आणि 'श्टाट्सआनवाल्ट', १९९७ पासून हानोफर शहराचे 'श्टाटकेमरर', २००६ मध्ये तिथलेच 'ओबरब्युर्गरमाइस्टर' आणि २०१३ ते २०२५ नीडरझाक्सन राज्याचे 'मिनिस्टरप्रेझिडेंट'. या पदांना मराठीत काय म्हणावं? मूळ मजकुरात त्यांना 'युरिस्ट'ही म्हटलंय. त्याला 'विधिज्ञ' चालेल?

टाकबोरू : शेवटच्या पदाला मुख्यमंत्रीच. मात्र हा शब्द सरसकट बदलू नका. जर्मन बातमीत इटलीच्या सरकारप्रमुखालाही 'मिनिस्टरप्रेझिडेंट' म्हणतात, तिथे पंतप्रधान लिहावं लागेल. १८६२ मध्ये बिस्मार्क प्रशियाचा मिनिस्टरप्रेझिडेंट झाला, तोही पंतप्रधानच, कारण प्रशिया तेव्हा स्वतंत्र राष्ट्र होतं. आपल्याकडेही १९३७ मध्ये मुंबई प्रांताचं सरकार चालवणारे बाळासाहेब खेर 'प्रीमियर' म्हणजे पंतप्रधानच म्हणवले जात. तेही पेशाने सॉलिसिटर!

एक फरक टीपेत द्या. आपल्या मुख्यमंत्र्याला राज्यपाल नेमतो. जर्मन राज्यांत राज्यपालच नाही. नीडरझाक्सनमध्ये 'लांटाक' म्हणजे तिथलं एकगृही विधिमंडळ गुप्त मतदानाने त्याची निवड करतं. त्यामुळे 'राज्यपालांनी शपथ दिली' असं वाक्य सवयीने उमटलं तर ते चूक.

मोडीवाला : 'युरिस्ट'ला विधिज्ञ नको. आपल्याकडे विधिज्ञ म्हटलं की कायद्याचा गाढा व्यासंगी डोळ्यांपुढे येतो. जर्मनमध्ये कायदा शिकलेला कुणीही युरिस्ट. दोन सरकारी परीक्षा आणि त्यांच्यामधली दोन वर्षांची उमेदवारी पुरी केली की तो 'फोलयुरिस्ट', न्यायाधीश व्हायला पात्र. 'कायद्याचे पदवीधर' लिहून मोकळे व्हा.

'श्टाट्सआनवाल्ट' सरकारी वकील खरा, पण आपल्याकडे तपास पोलिसांचा आणि खटला सरकारी वकिलाचा. तिथे तपासाची सूत्रंही त्याच्याच हाती असतात, आणि ही कायम सरकारी नोकरी आहे. वकिली सोडून तिकडे वळले याचा अर्थ 'सरकारची बाजू मांडू लागले' एवढाच होत नाही.

पारिजात : आणि केमरर? शब्दकोशात 'खजिनदार' आहे.

मोडीवाला : खजिनदार म्हटलं की गणेशोत्सव मंडळाचं पावतीपुस्तक आठवतं. केमरर शहराचं अंदाजपत्रक बांधतो, कर्ज आणि कर सांभाळतो, आणि नगरसभा त्याला ठरावीक मुदतीसाठी निवडते. आपल्या महापालिकेतला मुख्य लेखाधिकारी जवळचा, पण तो निवडलेला नसतो. 'शहराचे वित्तप्रमुख' बरं.

टाकबोरू : खरी गोम 'ओबरब्युर्गरमाइस्टर'ला 'महापौर' म्हणण्यात आहे. आपला महापौर नगरसेवकांतून येतो, सभा चालवतो, मान मोठा. कारभार मात्र आयुक्ताच्या हाती. हानोफरचा ओबरब्युर्गरमाइस्टर थेट मतदारांनी निवडलेला आणि प्रशासनाचाही प्रमुख, म्हणजे आपले महापौर आणि आयुक्त एकाच खुर्चीत. गंमत अशी की दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटिशांनी त्यांच्या ताब्यातल्या उत्तर जर्मनीत आपल्यासारखीच दुहेरी रचना बसवली होती: वर मानाचा महापौर आणि खाली कारभार पाहणारा संचालक. नीडरझाक्सनने ती १९९६ मध्ये मोडली. शब्द 'महापौर'च ठेवा, पण आधी 'थेट निवडून आलेले' जोडा. नाहीतर मराठी वाचक वाइलना सहा वर्षं फीत कापताना पाहील.

पारिजात : २०१३-१४ मध्ये ते 'बुंडेसराट'चे अध्यक्षही होते. राज्यसभा लिहू?

टाकबोरू : नको. राज्यसभेत खासदार बसतात, तिथे राज्य सरकारांचे मंत्री बसतात. नीडरझाक्सनची ६ मतं एकगठ्ठा पडतात, फोडता येत नाहीत. अध्यक्षपदही मिनिस्टरप्रेझिडेंटांमध्ये वर्षावर्षाने फिरतं, म्हणून ती बढती समजू नका. 'बुंडेसराट' तसंच ठेवा.

मोडीवाला : जाता जाता: हाम्बुर्ग या शहर-राज्याविषयी लिहायची वेळ आली तर 'सेनाट' म्हणजे तिथलं मंत्रिमंडळ. त्याला सभागृह म्हणू नका.