कॅमेऱ्यापेक्षा रडार बरा
वृद्धाश्रमात कुणी पडलं तर लगेच कळावं म्हणून खोल्यांत एआयचे कॅमेरे लावावेत का, असा प्रश्न आहे. बाथरूममध्ये तर कधीच नकोत. घसरून पडण्याची भीती तिथंच जास्त, हे मान्य. पण त्यासाठी रडार सेन्सर मिळतात. ते चित्र घेत नाहीत, रेडिओलहरींवरून माणूस उभा आहे की जमिनीवर पडलाय, एवढंच ताडतात. मात्र २०१९च्या पुरात सांगलीत विजेचे काय हाल झाले ते आठवा. इन्व्हर्टर हवाच, आणि धोक्याची घंटा इंटरनेटशिवाय आवारातच वाजली पाहिजे. ती ऐकून धावणारी मावशी रात्रपाळीला नसेल तर यंत्राचा काय उपयोग? आधी माणसं वाढवा. आणि नुसत्या मुलांच्या सहीवर काही बसवू नका, आजी-आजोबांना स्वतः विचारा.